यीस्टने नेमकं एकच प्रोटीन तोडलं, हे ब्लॉटवर कसं दाखवायचं

वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वजनाप्रमाणे वेगळी केलेली प्रोटीनं मेम्ब्रेनवर उतरवून हवं ते अँटिबॉडीने दाखवायची पद्धत) प्रोटीनचा बँड, म्हणजे पट्टा, फिकट होत गेला म्हणजे प्रोटीन तुटलं, असं धरून चालणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. बँड फिकट व्हायला बरीच कारणं असतात. पेशीने ते प्रोटीन बनवणंच थांबवलं असेल, पेशी वाढल्यामुळे ते विरळ झालं असेल, किंवा नमुना तयार करताना तुमच्याच ट्यूबमध्ये त्याचे तुकडे पडले असतील. 'पेशीने हे प्रोटीन निवडून तोडलं' असं म्हणायचं असेल तर ते कोणी ओळखलं आणि कुठे तोडलं, हे दोन्ही दाखवावं लागतं. खालची पद्धत एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला झेपेल अशी आहे. शेकर, सेंट्रिफ्यूज, जेल चालवायची सोय आणि ब्लॉट बघायचं मशीन एवढं असलं की पुरे.

उदाहरणाला मी फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज घेते. जीनच्या नावाने एफबीपी१. यीस्टला खायला नुसतं इथेनॉल असतं तेव्हा लागणारी साखर पेशीला स्वतःच बनवावी लागते आणि त्या कामात हे एन्झाइम लागतं. ग्लुकोज मिळालं की मात्र ते अडचणीचं होतं. एकीकडे ग्लुकोज जाळायचं आणि दुसरीकडे त्याच वाटेने उलटं जाऊन साखर बनवायची, यात एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, फुकट जातं. म्हणून पेशी तासा-दोन तासांत एफबीपी१ जवळजवळ संपवून टाकते. शेजारची हजारो प्रोटीनं त्या वेळी जागच्या जागी असतात. निवडून तोडणं म्हणजे काय, ते इतकं स्पष्ट दाखवणारं आणि इतकं स्वस्तात जमणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

यीस्टकडे प्रोटीन तोडायच्या दोन मोठ्या जागा आहेत. एक प्रोटिआसोम, म्हणजे प्रोटीनं कापणारं पेशीतलं यंत्र. तिथे बहुतेक प्रोटीनं युबिक्विटिनची साखळी अंगावर घेऊन जातात. युबिक्विटिन स्वतः ७६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन आहे, आणि ते कोणाला चिकटवायचं हे ठरवण्याचं काम ई३ लायगेझ नावाच्या एन्झाइमांचं. दुसरी जागा व्हॅक्युओल, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली रिक्तिका. तिच्या आत आम्ल वातावरणात प्रोटिएझ (प्रोटीन कापणारी एन्झाइमं) बसलेले असतात. पेशीपटलावरचे बरेच ट्रान्सपोर्टर तिथे जातात, आणि उपासमारीत ऑटोफॅजीने (पेशी स्वतःचाच माल गुंडाळून पचवते त्या प्रक्रियेने) पेशीतला बराच ऐवजही. योशिनोरी ओसुमी यांनी ऑटोफॅजी पकडली ती यीस्टमध्येच, व्हॅक्युओलचे प्रोटिएझ नसलेल्या पेशी उपाशी ठेवून. आत आलेला माल पचेना, म्हणून तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. २०१६ चं नोबेल त्या कामाला मिळालं. ही युक्ती लक्षात ठेवा: तोडणाऱ्याला काढून टाका आणि काय साचतं ते बघा. आपण पुढे तेच करणार आहोत.

निवड कशावर होते, याचं पहिलं ठोस उत्तरही यीस्टमधूनच आलं. १९८६ साली अलेक्झांडर वार्शाव्हस्की यांच्या गटाने बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे एकच प्रोटीन घेऊन फक्त त्याचं पहिलं अमिनो आम्ल बदललं. सुरुवातीला मेथिओनिन असेल तर अर्धायुष्य (प्रोटीन निम्मं व्हायला लागणारा वेळ) २० तासांहून जास्त, आर्जिनिन असेल तर सुमारे २ मिनिटं. बाकी प्रोटीन तेच.

एफबीपी१ चंही मर्म सुरुवातीलाच आहे. पहिलं मेथिओनिन पेशी कापून टाकते आणि पुढे प्रोलिन उघडं पडतं. हे प्रोलिन बदललं तर एफबीपी१ तुटत नाही, हे जर्मनीत डीटर वोल्फ यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं होतं. पण प्रोलिनला ओळखतं कोण, हे कळायला २०१७ उजाडलं: जिड४ नावाचं प्रोटीन. ते जिड या मोठ्या ई३ लायगेझचा भाग आहे. जिडचे बाकीचे घटक इथेनॉलवरच्या पेशीत आधीच तयार असतात, जिड४ मात्र ग्लुकोज मिळाल्यावरच बनतं. ते आलं की लायगेझ एफबीपी१ ला धरतं, युबिक्विटिन चिकटवतं आणि प्रोटिआसोमकडे पाठवतं.

टॅग शेपटीला लावा

इतकी पार्श्वभूमी सांगायचं कारण हेच. एफबीपी१ च्या सुरुवातीला एचए, मिक किंवा जीएफपी टॅग (अँटिबॉडीने ओळखता यावं म्हणून जोडलेला प्रोटीनचा तुकडा) लावला तर प्रोलिन आत गाडलं जातं, जिड४ ला ते सापडत नाही आणि प्रोटीन तासन्‌तास टिकून राहतं. मग 'आमच्या स्ट्रेनमध्ये डिग्रेडेशन होत नाही' असा निष्कर्ष निघतो. तो टॅगबद्दलचा निष्कर्ष असतो, प्रोटीनबद्दलचा नव्हे. टॅग शेपटीकडेच लावायचा, आणि क्रोमोसोमवरच्या मूळ जागी लावायचा, म्हणजे प्रोमोटर (जीन कधी चालू होणार ते ठरवणारा डीएनए) त्याचाच राहतो. तुमचं प्रोटीन दुसरं असेल तर शेपटीला लावलेल्या टॅगनेही घोळ होऊ शकतो, कारण काही प्रोटीनांची खूण तिकडेच असते. शक्य असेल तर टॅग नसलेल्या प्रोटीनवर चालणारी अँटिबॉडी एकदा तरी वापरून ताळा घ्या.

टॅग निवडताना वजनही बघा. एफबीपी१ सुमारे ३८ किलोडाल्टनचं. तीन एचए लावले की जेलवर ते चाळिशीच्या पुढे सरकतं. लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखाच नमुना गेला का, ते दाखवणारं प्रोटीन) म्हणून सगळे वापरतात ते पीजीके१ सुमारे ४५ चं. दोन्ही अँटिबॉडी उंदराच्या असल्या आणि एकाच मेम्ब्रेनवर एकामागून एक लावल्या, तर कोणता बँड कोणाचा यावर लॅब मीटिंगमध्ये वाद होणार हे नक्की. एक सशाची, एक उंदराची घ्या आणि दोन रंगांच्या सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या अँटिबॉडी) वापरा. नाहीतर १३ मिकचा टॅग लावून प्रोटीन बरंच वर ढकला.

कोणते स्ट्रेन हवेत

किमान चार, आणि सगळ्यांत तोच टॅग. पहिला साधा वाइल्ड टाइप, म्हणजे काहीही न काढलेला, बीवाय४७४१ चालेल. दुसरा जिड४ काढलेला: ओळखणाराच नाही. तिसरा पेप४ काढलेला: व्हॅक्युओलच्या प्रोटिएझांना जागं करणारा प्रोटिएझ नाही, त्यामुळे आतली बहुतेक तोडफोड बंद. हे दोन्ही डिलीशन (जीन काढलेले स्ट्रेन) तयार कलेक्शनमध्ये मिळतात, जी४१८ या अँटिबायोटिकवर वाढतात. म्हणून टॅगसाठी वेगळा मार्कर (बदल झालेल्या पेशी निवडायचा जीन), उदाहरणार्थ हिस३, वापरावा लागेल.

चौथा स्ट्रेन प्रोटिआसोमसाठी. प्रोटिआसोमचे बहुतेक जीन काढून टाकले तर पेशी जगतच नाही, म्हणून डिलीशन कलेक्शनमध्ये ते शोधू नका. दोन वाटा आहेत. एक, एमजी१३२ हे प्रोटिआसोम अडवणारं औषध. साध्या यीस्टमध्ये ते पुरेसं टिकत नाही, पेशीतले पंप ते बाहेर फेकतात. म्हणून पीडीआर५ हा पंप काढलेला स्ट्रेन घ्या, ५० मायक्रोमोलर द्या, आणि शेजारी नुसतं डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) दिलेला फ्लास्क ठेवाच. दुसरी वाट सिम३-१ सारखा तापमानाला नाजूक म्युटंट. तो २५ अंशांवर वाढवायचा आणि ३७ वर नेला की प्रोटिआसोम अडतो. ऐकायला सोपं आहे, पण पुण्यात मे महिन्यात आमच्या लॅबचंच तापमान ३५ च्या आसपास असतं, आणि नुसता हीटर असलेला इन्क्युबेटर खोलीपेक्षा थंड होत नाही. कूलिंगवाला शेकर नसेल तर सरळ एमजी१३२ घ्या. शिवाय सिम३-१ वापरला तर वाइल्ड टाइपलाही ३७ वर न्यावं लागतं, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणखी एक. बीवाय४७४१ च्या घराण्यातल्या पेशी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए सहज गमावतात. अशा पेटिट पेशी ग्लुकोजवर बऱ्यापैकी वाढतात, इथेनॉलवर अजिबात नाही. प्रयोगाच्या आठवड्याआधी प्रत्येक स्ट्रेन ग्लिसरॉलच्या प्लेटवर रेघोटून बघा; पेटिट पेशी त्यावरही वाढत नाहीत. जो उगवला नाही तो फेकून द्या आणि गोठवलेल्या ग्लिसरॉल स्टॉकमधून नवा काढा.

सायक्लोहेक्सिमाइड इथे चालणार नाही

प्रोटीनचं अर्धायुष्य मोजायचं म्हटलं की पहिली आठवण सायक्लोहेक्सिमाइडची येते. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली टाका, रायबोसोम थांबतात, नवीन प्रोटीन बनत नाही, जुनं किती टिकतं ते बघा. बऱ्याच प्रोटीनांसाठी हे उत्तम चालतं आणि स्वस्तही पडतं. एफबीपी१ ला ग्लुकोज देताना बरोबर सायक्लोहेक्सिमाइड टाकलं तर काय होईल? जिड४ ग्लुकोजनंतर नव्याने बनावं लागतं. तुम्ही तेच बनू दिलं नाही. एफबीपी१ शांतपणे बसून राहील आणि तुम्ही लिहाल, 'प्रोटीन स्थिर आहे'.

हा धोका फक्त एफबीपी१ पुरता नाही. तोडणाऱ्या यंत्रणेतलं काहीही अल्पायुषी असेल किंवा इशारा मिळाल्यावर बनणारं असेल, तर हे औषध तुमचा प्रश्नच पुसून टाकतं. म्हणून कोणत्याही नव्या प्रोटीनला हात लावण्याआधी एवढं ठरवा: ते नेहमीच तुटत असतं, की कशाचा तरी इशारा मिळाल्यावर? नेहमी तुटणाऱ्याला सायक्लोहेक्सिमाइड चालेल. इशाऱ्यावर तुटणाऱ्याला आधी इशारा द्या, यंत्रणा उभी राहू द्या आणि मग औषध टाका, किंवा दुसरा मार्ग शोधा.

एफबीपी१ च्या बाबतीत दुसरा मार्ग आयता मिळतो. ग्लुकोज मिळताच एफबीपी१ चं ट्रान्सक्रिप्शन (जीनवरून आरएनए बनणं) दबतं. म्हणजे नवीन प्रोटीन बनणं पेशीच बंद करते. औषध लागतच नाही.

प्रयोगाचा दिवस

आदल्या दिवशी रात्रभर वायपीडीत (ग्लुकोज असलेल्या यीस्टच्या नेहमीच्या मीडियात) वाढवलेल्या पेशी धुऊन २ टक्के इथेनॉलच्या वायपी मीडियात घाला आणि ३० अंशांवर साधारण १६ ते १८ तास ठेवा. इथेनॉल ऑटोक्लेव्हनंतर, मीडिया थंड झाल्यावर घालायचं. आधी घातलं तर ते उडून जातं, आणि आगीची भीती वेगळी. फ्लास्क मोठा घ्या, मीडिया पाचव्या हिश्श्याहून जास्त भरू नका. इथेनॉलवर जगायला ऑक्सिजन लागतो.

सकाळी ओडी (पेशींची दाटी दाखवणारा गढूळपणा) मोजा. प्रत्येक वेळी ३ ओडी इतक्या पेशी काढायच्या: ओडी ०.६ असेल तर ५ मिली, १ असेल तर ३ मिली. शून्य मिनिटाचा नमुना आधी घ्या. मग पेशी हलक्या वेगाने खाली बसवा आणि आधीच ३० अंशांना आणून ठेवलेल्या २ टक्के ग्लुकोजच्या वायपीत सोडा. १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी नमुने घ्या, आणि दर वेळी ओडीही लिहून ठेवा. ही ओडी पुढे हिशेबाला लागणार आहे.

नमुना काढला की तो क्षणात गोठल्यासारखा थांबला पाहिजे. बर्फात ठेवलेल्या ट्यूबमध्ये आधीच पेशीचं काम थांबवणारं सोडियम अझाइड घालून ठेवा, शेवटचं प्रमाण १० मिलिमोलर होईल इतकं. पेशी बसवा, वरचं पाणी काढा, गार पाण्याने एकदा धुवा. हे धुणं टाळू नका: पुढच्या पायरीत आम्ल आहे, आणि अझाइडला आम्ल लागलं की हायड्रॅझोइक आम्लाचा विषारी वायू सुटतो. अझाइडचं पाणी वेगळ्या बाटलीत साठवा, बेसिनमध्ये ओतू नका.

पेशी फोडायला काचेचे मणी वापरणारे बरेच आहेत. मी या प्रयोगाला वापरत नाही. मणी घालून हलवताना व्हॅक्युओल फुटते, तिचे प्रोटिएझ मोकळे होतात आणि पेशीत न तुटलेलं प्रोटीन ट्यूबमध्ये तुटतं. वाईट म्हणजे पेप४ काढलेल्या स्ट्रेनमध्ये हे कमी होतं, म्हणून व्हॅक्युओलचा काहीच संबंध नसताना तिचाच हात असल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा अल्कली आणि मग आम्ल. पेशी १ मिली गार पाण्यात, त्यात १५० मायक्रोलिटर १.८५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (७.५ टक्के बीटा-मर्काप्टोइथेनॉल घातलेलं), बर्फात १५ मिनिटं. मग १५० मायक्रोलिटर ५५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, पुन्हा बर्फात १० मिनिटं. ट्यूब दुधासारखी पांढरी होते. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. हे आम्ल कातडी भाजतं. गार सेंट्रिफ्यूजमध्ये १५ मिनिटं पूर्ण वेगाने फिरवा, वरचं सगळं काढा, पुन्हा क्षणभर फिरवा आणि कडेचा उरलेला थेंबही बारीक टिपने ओढा.

त्या थेंबाकडे सगळे दुर्लक्ष करतात. तो राहिला की युरिया आणि एसडीएसवाला निळा सॅम्पल बफर घालताच पिवळा पडतो. पिवळा म्हणजे अजून आम्ल आहे, आणि असा नमुना जेलमध्ये सरळ धावत नाही, लेन वाकड्या येतात. १ मोलर ट्रिस बेस, ज्याचा पीएच जुळवलेला नाही असा, एकेक मायक्रोलिटर घालत जा. निळा रंग परत आला की थांबा. मग ६५ अंशांवर १० मिनिटं. उकळू नका, बफरमध्ये युरिया आहे.

ब्लॉट वाचताना

१२ टक्के जेल ठीक. प्रत्येक जेलवर शून्य मिनिटाच्या नमुन्याचे निम्मे, पाव आणि अष्टमांश असे विरळ केलेले तीन नमुने चालवा. त्यावरून तुमचं मशीन कुठपर्यंत सरळ रेषेत मोजतं ते कळतं. हे नसेल तर 'सत्तर टक्के कमी झालं' या वाक्याला अर्थ नाही. पॉन्सो (सगळी प्रोटीनं दाखवणारा रंग) लावलेल्या मेम्ब्रेनचा फोटोही ठेवा. ग्लुकोज मिळाल्यावर पीजीके१ चं प्रमाण स्वतःच थोडं हलू शकतं, एकट्यावर विसंबू नका.

आता वाढीचा हिशेब. सरबतात पाणी ओतलं म्हणून साखर नाहीशी होत नाही, नुसती फिकी लागते. ग्लुकोजवर पेशी वाढतात, आणि तुम्ही दर वेळी सारख्याच ओडीच्या पेशी घेता. म्हणजे एकही रेणू तुटला नाही तरी पेशी दुप्पट झाल्या की बँड निम्मा दिसणार. समजा ६० मिनिटांत ओडी १ वरून १.६ झाली. वाढीचा दर निघाला मिनिटाला ०.००७८. बँड ३० मिनिटांत निम्मा होतोय, म्हणजे एकूण घट ०.०२३१. वजाबाकी केली की तुटण्याचा खरा दर ०.०१५३, आणि खरं अर्धायुष्य ३० नव्हे तर ४५ मिनिटं. एफबीपी१ सारख्या झटपट जाणाऱ्या प्रोटीनला याने निष्कर्ष बदलत नाही. दोन-तीन तास टिकणाऱ्या प्रोटीनच्या बाबतीत मात्र अख्खा परिणाम या वजाबाकीत वाहून जाऊ शकतो. जिड४ नसलेल्या स्ट्रेनमध्ये बँड हळूहळू फिकट होताना दिसेल तो बहुतेक याचमुळे.

वाइल्ड टाइपमध्ये बँड जातो, जिड४ नसताना राहतो, पेप४ नसताना जातो, एमजी१३२ दिल्यावर राहतो: असे चारही निकाल आले तर जिडने ओळखलं आणि प्रोटिआसोमने तोडलं असं बिनधास्त लिहा. एमजी१३२ च्या लेनमध्ये जास्त वेळ एक्स्पोझर दिलेला ब्लॉट बघा, मूळ बँडच्या वर पुसट शिडी दिसली तर ती युबिक्विटिन लागलेली रूपं असू शकतात. खात्री करायची तर एफबीपी१ ओढून घेऊन युबिक्विटिनच्या अँटिबॉडीने बघावं लागेल. त्या वेळी बफरमध्ये एन-इथाइलमॅलिमाइड घाला, नाहीतर युबिक्विटिन काढणारी एन्झाइमं शिडी खाऊन टाकतात.

पेप४ नसताना एफबीपी१ टिकलं तर घाबरू नका, आधी वही उघडा. पेशी किती वेळ उपाशी होत्या? ग्लुकोजविना दिवसभर ठेवलेल्या आणि तीन दिवस ठेवलेल्या पेशी एकसारख्या वागत नाहीत. दीर्घ उपासमारीनंतर एफबीपी१ छोट्या पिशव्यांमधून व्हॅक्युओलकडे जातं, असं अमेरिकेतल्या हुई-लिंग चियांग यांच्या गटाने दाखवलं. जिड४ चं दुसरं नाव विड२४, ते त्याच कामातून आलं आहे. शनिवारी लावलेला फ्लास्क सोमवारी उचलला तर तुम्ही वेगळाच प्रयोग करत आहात. इथेनॉलमधले तास दर वेळी सारखे ठेवा आणि पद्धतीच्या भागात ते लिहा.

हे सगळं जमलं की मग प्रोलिनच्या जागी सेरिन घातलेलं एफबीपी१ बनवा, तोच टॅग, तोच प्रोमोटर, आणि वाइल्ड टाइप पेशीत तपासा. इथे यंत्रणा पूर्ण शाबूत असते, बदल फक्त एका अमिनो आम्लाचा. तरीही बँड टिकला, तर परीक्षकाने 'कशावरून?' विचारल्यावर पहिली हीच लेन दाखवा.